पाटलाच्या दारावरून गेलेले बूट

बन्सीदादा,

तू गेल्याला सहा वर्षं होऊन गेली. इतक्या उशिरा पत्र लिहायचं कारण एकच. गावानं तुझ्या नावाचा बोर्ड लावला आणि त्यावर खोटं लिहिलं. ते वाचून तू बूट घालून निघाला असतास. तुला निघता येत नाही म्हणून मी निघाले, आणि तिथे काय झालं ते तुला सांगायचं आहे. पत्र तुझ्या नावाचं असलं तरी वाचणारे दुसरेच असणार, त्यामुळे तुला ठाऊक असलेलंही बरंच यात येईल. कंटाळा आला की तू मिशी ओढायचास. ओढ खुशाल.

जानेवारीत एके दुपारी फोन आला.

"आजी, गहिनीनाथ बोलतोय. भागवतराव पाटलांचा नातू. सरपंच."

"मी तुमची आजी कधीपासून झाले?"

तो हसला. हल्लीच्या सरपंचांना हसता फार छान येतं. "बरं, मॅडम म्हणतो. वेशीवर कमान बांधलीय. गावातून फौजेत गेलेल्यांची नावं लावतोय. सुभेदारसाहेबांचं नाव सगळ्यात वर. सव्वीस जानेवारीला उद्घाटन आहे. तुम्ही कॉलेजात शिकवलेलं, दोन शब्द बोला की."

मग मोबाईलवर बोर्डाचा फोटो आला. तुझा पदकं लावलेला फोटो, आणि खाली: 'सुभेदार बन्सी सखाराम पगारे. सन १९५७ साली थोरल्या पाटलांच्या आशीर्वादाने फौजेत दाखल. गावाच्या एकोप्याचा मानबिंदू.'

एकदा चष्मा पुसून वाचलं, एकदा दात आवळून. थोरल्या पाटलांचा आशीर्वाद म्हणे! तो आशीर्वाद सुतळीचा होता आणि त्याचा वळ तुझ्या मानेवर उमटलेला मी पाहिला होता.

गहिनीनाथला मी उलटा फोन केला नाही. केला असता तर तो "सॉरी मॅडम" म्हणाला असता, ओळ बदलली असती आणि मोकळा झाला असता. मला तो मोकळा व्हायला नको होता. मला गाव जमलेलं हवं होतं, हातात माइक हवा होता आणि पहिल्या रांगेत त्याचा आजा भागवत हवा होता. भागवत अजून आहे, दादा. तुझ्याहून एका वर्षानं लहान. काठी घेऊन चालतो, पण रोज सकाळी ओट्यावर येऊन बसतो, पूर्वीसारखाच.

आता ते साल. मी दहा वर्षांची होते आणि सगळे मला ठकीच म्हणायचे. यशोधरा हे नाव आपण धम्म घेतल्यावर तूच शाळेत जाऊन लावलंस, आणि स्वतः मात्र मरेपर्यंत मला ठकेच म्हणालास. धम्म घेतला तेव्हाच आबांनी महारकी सोडली. गाव तिला नुसतं 'काम' म्हणायचं. मेलेलं जनावर ओढायचं, पाटलाच्या दारी लाकडं फोडायची, आणि कुणाच्या घरी मयत झाली की नातेवाइकांच्या गावी पायी जाऊन सांगावा द्यायचा. सांगावा नेणाऱ्यानं उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, कोण गेलं ते सांगायचं, वरून ओतलेलं पाणी ओंजळीनं प्यायचं आणि परत फिरायचं. आबांचे पाय त्या कामात झिजले होते. त्यांनी सोडलं ते बरं केलं.

त्या उन्हाळ्यात थोरल्या पाटलांची, म्हणजे भागवतच्या बापाची आई, चांगुणाबाई, वारली. तिचं माहेर गोदावरीच्या पलीकडे. बाईच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडतं. भाऊ किंवा भाचा ते घेऊन आल्याशिवाय तिला उचलत नाहीत. म्हणजे सांगावा तातडीनं जायला हवा होता. आबा तापानं पडलेले, म्हणून पाटलांनी तुला चावडीवर बोलावलं.

"नदीपल्याड जा. म्हातारी गेली म्हनून सांग."

"न्हाई जायाचा, पाटील. आमी ते काम सोडलं."

"सोडलं? कवा?"

"मागल्याच साली. तुमाला ठावं हाय."

थोरले पाटील चिडले नाहीत. तिथेच त्यांचं चुकलं. ते जमलेल्यांना म्हणाले, "जाईल. न जाऊन जातो कुठं." आणि वाट बघत बसले. घरात चार मुलगे होते. अंगणात एक नवी कोरी सायकल उभी होती. पुणतांब्याच्या शाळेला जायला भागवतला घेतलेली. सायकलवर बसून कुणीही गेलं असतं तर माहेरची माणसं वेळेवर पोचली असती. पण पाटलाच्या घरातला माणूस सांगावा घेऊन दुसऱ्याच्या उंबऱ्याबाहेर उभा राहील तर मग तो पाटील कसला? सायकल उभीच राहिली. ऊन तापलं, बायका आत कुजबुजायला लागल्या, आणि शेवटी चांगुणाबाईला घरातल्याच एका लुगड्यात गुंडाळून नेलं.

माहेरचे लोक दुसऱ्या दिवशी कुणाकडून तरी ऐकून आले. दारात आले, हातातलं लुगडं उंबऱ्यावर टाकलं आणि पाणी न घेता माघारी फिरले. त्यानंतर त्या घराशी त्यांचं येणंजाणं राहिलं नाही.

हा अपमान थोरल्या पाटलांनी स्वतःच्या हातानं ओढवून घेतला होता. पण फेडायला माणूस लागतो ना! बाजाराच्या दिवशी तू आणि मी परत येत होतो. माझ्या हातात मिठाची पुडी होती. वेशीत तुला धरलं. तुझ्या पायातल्या चपला काढल्या, सुतळीत ओवल्या आणि तुझ्या गळ्यात घातल्या. गाठ मारली भागवतनं. सतरा वर्षांचं पोर, ओठावर नुकती लव आलेली. थोरले पाटील म्हणाले, "मान खाली घाल." तू घातली नाहीस. म्हणून ऊन उतरेपर्यंत तुला तिथेच उभं केलं. मी मिठाची पुडी इतकी घट्ट धरली होती की घामानं मीठ ओलं झालं. आई त्यावरून मला बोलली होती, आणि मी काही सांगितलं नव्हतं.

पहाटे तू निघालास. अनवाणी. चपला वेशीच्या खुंटीवर टांगून ठेवल्यास, सुतळीसकट. म्हणालास, "ठके, आता येईन तो बूट घालूनच येईन." आणि पुणतांब्याच्या स्टेशनाकडे चालता झालास. नगरला भरती झालास आणि तिथून सागरला महार रेजिमेंटच्या केंद्रात पोचलास. इतकं साधं आहे ते. यात आशीर्वाद कुठे बसतो ते गहिनीनाथनं मला दाखवावं.

तुझी पुढची वर्षं मी तुकड्यातुकड्यानं गोळा केली आहेत, कारण तू सांगणाऱ्यांतला नव्हतास. युद्धाचं विचारलं तर "थंडी लई हुती" एवढंच. तीन युद्धं झाली आणि तिन्हींत तुला थंडीच आठवत होती. खरं काही कळलं ते दुसऱ्यांकडून.

तू गेल्यावर मी महेंद्र भिंगारदिवेला शोधून काढलं. तुझ्या हाताखाली रंगरूट होता, हवालदार होऊन निवृत्त झाला आणि आता नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या फाटकावर सुरक्षेचं काम बघतो. फाटकासमोरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. तो म्हणाला, "मॅडम, उस्ताद आम्हाला कवायत शिकवायचे ती जगावेगळी. म्हणायचे, डाव्या हाताला दार हाय असं समजा. दारात एक माणूस बसलाय. चहा पितोय. त्याच्या बशीतला चहा हलला पाहिजे असा पाय पडू द्या. पण मान वळवायची न्हाई. वळवली तर मेलात."

"मग?"

"मग काय, शिकलो. आमची तुकडी चालायला लागली की बाकीचे बघत राहायचे. आम्हाला वाटायचं, ही काहीतरी इंग्रजांच्या वेळची रीत असंल. उस्तादांना एकदा विचारलं, साहेब, दारातला माणूस कोन? तर म्हणाले, तुझा सासरा."

मी हसले नाही. मी त्याला सांगितलं, तो माणूस कोण ते. दार कुठलं तेही. त्याने चहा खाली ठेवला. "म्हंजे इतकी वर्षं," तो म्हणाला, "आम्ही सगळे, पंजाबातली पोरं, बंगालातली पोरं, तुमच्या गावच्या पाटलाच्या दारावरून चालत होतो?"

"होय."

"आयला!" तो म्हणाला, आणि मग मला सॉरी म्हणाला. मी म्हटलं, सॉरी कशाला, योग्य शब्द आहे.

आणि तुझ्या सुट्ट्या! दुसरे फौजी सुट्टीला साध्या कपड्यांत यायचे, ट्रंक डोक्यावर, पायात चपला. तू पूर्ण गणवेशात. पुणतांब्याला गाडीतून उतरायचास ते सकाळी. स्टेशनावर तोंड धुवायचास, बुटांना पॉलिश करायचास, आणि टांगा न करता चालत निघायचास. आपल्या वस्तीला नदीकडून जवळची पायवाट होती. तू वेशीतून यायचास, कारण पाटलाचा ओटा तिकडे. भागवत चहाला बसायचा ती वेळ तुला पाठ होती. खिळे ठोकलेले बूट, फरशीचा रस्ता. खाड, खाड, खाड. ओट्यासमोर पाऊल एक जरा जास्त जोरात. मान सरळ. सुट्टी संपली की जाताना पुन्हा तेच.

पहिल्या वर्षी थोरले पाटील जिवंत होते. त्यांनी हाक मारली, "कोन रे त्यो?" तू थांबला नाहीस. वस्तीतले लोक भिंतीआडून बघत होते. त्या संध्याकाळी वस्तीतल्या प्रत्येक घरात तुझ्यासारखं चालून बघणारं एकेक पोर होतं.

तुझं सगळं मी गोड करून सांगणार नाही. भागीरथीवहिनी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी असायची. स्टेशनावर गाडी कधी येते हे तिलाही ठाऊक होतं. जवळच्या वाटेनं आला असतास तर लवकर पोचला असतास. ती एकदा माझ्यासमोर तुला म्हणाली, "सुट्टी माज्यासाठी न्हाई घेत ह्यो. त्या भागवतासाठी घेतो." तू हसलास. ती हसली नव्हती. मूलबाळ झालं नाही, तू वर्षातले दहा महिने बाहेर, आणि आलास की आधी पाटलाचं दार. तिनं तुला सोडलं नाही हा तिचा चांगुलपणा. तुझी कर्तबगारी नव्हे.

एकाहत्तरला पश्चिमेच्या आघाडीवर मांडीत लोखंड शिरलं. इस्पितळातून सुटून सुट्टीवर आलास तेव्हा लंगडत होतास. मी तेव्हा नगरला नोकरीला लागले होते, तुला स्टेशनावर घ्यायला आले होते. वेशीपर्यंत तू माझ्या खांद्यावर हात ठेवून आलास. वेशीत हात काढलास. आणि ओट्यासमोरून असा गेलास की जणू लोखंड शिरलंय ते दुसऱ्याच्या मांडीत. भागवत ओट्यावरून म्हणाला, "घोडं लंगडतंय असं ऐकलं हुतं." पाऊल तेवढंच जोरात पडलं. वस्तीत शिरल्यावर तू भिंतीला धरून खाली बसलास आणि वहिनी म्हणाली, "घरात आला की लंगडतो बगा. भाईर न्हाई लंगडत."

मला तू शिकवलंस ते याच रागातून. "ठके, शीक. मला नुसतं चालता येतं. बोलायला तू हायस." मी बी.ए. झाले, एम.ए. झाले, कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं, हजारो पोरांवर ओरडले. तुला जे बोलणं हवं होतं ते मात्र राहिलंच होतं.

निवृत्तीनंतर तू गावातच राहिलास. खिळ्यांचे बूट फौजेनं केव्हाच बंद केले होते, पण तू नगरच्या मोच्याकडून खिळे ठोकून आणायचास. सकाळी फिरायला निघायचास. कुठून, ते सांगायला नको. वहिनी गेली, भागवतची बायको गेली, त्याच्या ओट्याला फरशी बसली, गावात मोबाईलचा मनोरा आला. तू चालत होतास, तो बसत होता.

शेवटी तू माझ्याकडे नगरला, सावेडीच्या घरात आलास. छातीत पाणी झालं होतं. एका सकाळी मी दूध गरम करत होते आणि तू हाक मारलीस.

"ठके, मी गेलो की एक काम कर."

"आधी दूध पी."

"भागवताकडं जा. सांग, बन्सी गेला. आणि सांग की सांगावा त्यानं न्यायचा. त्यानं न्हाईतर त्याच्या घरच्यानं. माज्या मेव्हण्याच्या गावाला. पायी. उंबऱ्याभाईर उभं ऱ्हाऊन सांगायचं. ओंजळीनं पानी प्यायचं आन् माघारी फिरायचं."

मी म्हटलं, "दादा, आता सगळं फोनवर होतं."

"फोन माजा न्हाई व्हनार," तू म्हणालास. "माजा सांगावा व्हनार."

तू हट्टी, आणि वेळही हट्टी. तू गेलास त्या दिवशी तुझा मेव्हणा स्वतःच टेम्पो घेऊन तुला बघायला आला होता आणि तुझ्या पायाशी बसला होता. ज्याला सांगायचं तोच समोर. मग काय नेणार आणि कुणाकडे नेणार? त्याच्याच टेम्पोतून तुला नगरच्याच स्मशानात नेलं. गावाला कळलं ते कुणाच्या तरी मोबाईलवरच्या स्टेटसवरून.

हे सगळं मनात घेऊन मी सव्वीस जानेवारीला गावात उतरले. झेंड्याला वेळ होता. मी सरळ पाटलाच्या ओट्यावर गेले. भागवत बसला होता. फेटा, स्वेटर, काठी.

"ठकी न्हवं का तू?"

"यशोधरा पगारे. ठकी म्हणणारा एकच होता."

"बस. चहा घेशील?"

"कपात देणार असाल तर."

त्यानं डोळे मिटले, उघडले. सून कपात चहा घेऊन आली. बिचारी गोंधळली होती. मी एक घोट घेतला आणि बोर्डाचा फोटो त्याच्यासमोर धरला. "हे वाचलं?"

"पोरानं लिवलंय. त्याला काय म्हाईत."

"तुम्हाला माहीत आहे."

"लई जुनं झालं आता, यशोधरा."

"जुनं झालं म्हणूनच ताजा रंग देऊन वेशीवर लावलंत ना?"

त्यानं नजर रस्त्याकडे वळवली. मग म्हणाला, "सायकल माजी हुती. मी जातो म्हनलो हुतो."

हे मला ठाऊक नव्हतं. तुलाही नव्हतं.

"आज्जीचा माज्यावर जीव. मी सायकल काढली. बापानं हितंच, ह्या ओट्यावर, मुस्काटात मारली. म्हनला, पाटलाचं पोर सांगावा नेतंय व्हय? आज्जीला घरच्या लुगड्यात जाळली. मला कुनाचा राग काडायचा ते कळंना. मग बन्सी सापडला."

"राग बापाचा होता," मी म्हटलं, "तर सुतळी बापाच्या गळ्यात बांधायची."

त्यानं काठी दुसऱ्या हातात घेतली.

"आणि इतकी वर्षं ओट्यावर का बसत होतात? तो यायच्या वेळेला आत जाता आलं असतं."

"आत गेलो असतो तर त्यो जिकला असता," भागवत म्हणाला. मग हळू आवाजात, "बुटाचा आवाज बंद झाला त्या दिवसापासनं चहाला चव न्हाई बग."

तू ऐकलं असतंस तर मिशीत हसला असतास. मी हसले नाही. त्याची मला कीव यावी म्हणूनच तो हे सांगत होता की खरंच सांगत होता, हे ठरवत बसायला मला वेळ नव्हता. मी कप खाली ठेवला. "पहिल्या रांगेत बसा," म्हटलं. "मागे बसलात तर मी नाव घेऊन पुढे बोलावीन."

झेंडा झाला. शाळेच्या मुलींनी गाणं म्हटलं. कमानीवरचा पडदा निघाला. गहिनीनाथ पाच मिनिटं एकोप्यावर बोलला आणि मग "आता आपल्या आदरणीय यशोधराआजी" म्हणून माइक माझ्या हातात दिला. पुन्हा आजी!

मी बोर्डावरची ओळ मोठ्यानं वाचली. टाळ्या पडल्या. मी म्हटलं, "थांबा. टाळ्या ठेवा, पुढे लागतील." आणि मग सगळं सांगितलं. लुगड्याचं, सायकलचं, चपलांचं. कुणी ओवल्या, कुणी गाठ मारली, ते नावानिशी. वर्गात सांगायचे तसं, एकेक मुद्दा. लाऊडस्पीकर चांगला होता. नदीपर्यंत गेलं असेल.

गहिनीनाथ कानाशी आला. "आजी, आज दिवस काय आहे!"

"म्हणूनच आज," मी माइकवरच म्हणाले.

आपल्या वस्तीतल्या बायका मागे उभ्या होत्या. एकीनं पदर कमरेला खोचला. पुढच्या रांगेत कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मी तुझी शेवटची इच्छाही सांगितली: सांगावा पाटलाच्या घरानं न्यावा, पायी, उंबऱ्याबाहेर उभं राहून. आणि मग विचारलं, "पेंटर कुठे आहे?"

पेंटर गर्दीतच होता, त्याला बिदागी घ्यायची होती. "आशीर्वादाने ही ओळ घालव," मी म्हटलं. "आत्ता. मी इथे उभी आहे." त्यानं सरपंचाकडे बघितलं. सरपंचानं गर्दीतल्या मोबाईलांकडे बघितलं, सगळे त्याच्यावरच रोखलेले. मग शिडी लागली. काळ्या रंगाच्या ब्रशनं थोरले पाटील गेले, त्यांचा आशीर्वाद गेला, आणि पेंटर हात थांबवून म्हणाला, "एकोपा ठेवू का?"

"तोही घालव. तुझं नाव आणि हुद्दा पुरे," असं मी म्हणाले, म्हणजे तुझ्याविषयी बोलताना माझ्या तोंडून 'तुझं' गेलं. पेंटर म्हणाला, "माजं?" आणि पहिल्यांदा लोक हसले.

त्या हसण्यातच भागवत उठला. काठी टेकून, दोन्ही हातांनी. "मी जातो," म्हणाला.

"कुठे?" गहिनीनाथनं विचारलं.

"सांगावा घिऊन. बन्सीच्या मेव्हण्याच्या गावाला. तवा जायाचं हुतं ते न्हाई गेलो. आता जातो."

"आण्णा, गाडी काढतो मी."

"गाडी न्हाई. पायी."

दादा, गाव हललं. कुणी तरी "वा आण्णा!" ओरडलं. कुणी हार शोधायला लागलं. मोबाईल सगळे त्याच्याकडे वळले, आणि गहिनीनाथच्या चेहऱ्यावर हसू परत आलं. मला दिसलं, पुढे काय होणार ते. सरपंच आजोबांचा हात धरून शंभर पावलं चालणार, गाव मागे, वर गाणं लावलेला व्हिडिओ, आणि संध्याकाळपर्यंत भागवतराव पाटील जिल्ह्यात थोर. तू पुन्हा त्यांच्या बोर्डावर जाणार, त्यांच्या मोठेपणाच्या खाली. आणि भागवत स्वतः? तो खरंच गेला असता. वाटेत पडला असता तरी गेला असता, आणि पाणी ओंजळीनं प्याला असता, आणि त्या रात्री इतक्या वर्षांनी गाढ झोपला असता.

ती झोप मी त्याला का द्यावी?

"बसा," मी माइकवर म्हटलं.

त्याची काठी पुढे टेकलेली तशीच राहिली.

"ज्याच्या घरी मयत, त्यानं पाठवल्याशिवाय सांगावा घेऊन कुणी निघत नाही. हा तुमच्याच चावडीचा कायदा आहे. बन्सी माझा भाऊ. घर माझं. मी तुम्हाला पाठवलेलं नाही."

"यशोधरा..."

"बसा, पाटील. मी पाठवीन तेव्हा जा."

भागवत बसला. हार घेऊन आलेला माणूस हार मागे लपवून उभा राहिला. मी माइक बंद केला, गहिनीनाथच्या हातात दिला आणि पुणतांब्याच्या रिक्षात बसले.

तू रागावशील. एवढं एकच काम सांगितलं होतं, माणूस स्वतःहून उठला, आणि या पोरीनं त्याला बसवला. रागाव. चालणं तुझं होतं, बोलणं माझं, आणि कुठे थांबायचं ते मी ठरवणार.

गहिनीनाथ हल्ली मला अधूनमधून फोन करतो. आता मॅडम म्हणतो. म्हणतो, आण्णा सकाळी अंघोळ करून, फेटा बांधून, काठी घेऊन ओट्यावर बसतात आणि विचारतात, नगरहून निरोप आला का?

मी त्याला म्हणते, "सांगा, अजून नाही."